गळतंय कुठून?

परभणीत माणसाचं बीपी वाढलं तर घरातसुद्धा पत्ता लागत नाही, पण गाडीचं तेल गळायला लागलं की गल्लीला कळतं. आमच्या दारात शहाबादी फरशी आहे. सकाळी तिच्यावर रुपयाएवढा काळा डाग दिसला आणि दूधवाल्यापासून सगळे वाकून वाकून बघू लागले.

आदल्याच दिवशी मी गाडीचा डावा एक्सल, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा दांडा, बदलून आणला होता. गंगाखेड रोडच्या खड्ड्यांत त्याचा रबरी बूट फाटला होता. आतलं ग्रीस बाहेर आलं, बाहेरची धूळ आत गेली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकातून कटकट ऐकू यायची. गॅरेजवाल्या उस्तादनं अख्खा एक्सलच नवा टाकला. आवाज बंद! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत मी घरी आलो होतो, आणि आता हा डाग.

“एसीचं पाणी आसंल,” दूधवाला म्हणाला. गाडीला एसीच नाही हे सांगूनही त्याचं मत काही बदललं नाही. मेडिकलवाल्यानं तर थेट इंजिन उतरवायला सांगितलं. शेजारच्या रिटायर्ड गुरुजींनी मात्र डागात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि अत्तर घ्यावं तसं नाकाशी नेलं.

“गंधक!”

हयातभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला दारात गंधक सापडला, आणखी काय पाहिजे? गिअरच्या दातांवर प्रचंड दाब येतो, म्हणून गिअर ऑईलमध्ये गंधकाची संयुगं घालतात, त्याचाच हा कुजकट वास, इंजिन ऑईलला तो नसतो, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोट हुंगायला लावलं. गुरुजींचं बरोबर होतं. मेडिकलवाला नाराज झाला.

उस्तादला फोन केला. “सरजी, नया काम है. सील बैठने को टाइम लगता. चलाव बिनधास्त.” चालवली. तेल अडवणारं ते सील काही बसलं नाही, फरशीवर मात्र नवे डाग बसत गेले. अशा लहान गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं दोन-अडीच लिटर, आणि बघायला बहुतेक वेळा दांडीही नसते. किती उरलंय ते कळतं तेव्हा गिअर बोंबलत असतात. म्हणून मी गाडी परत गॅरेजला नेली. बाजाराचं काम होतं म्हणून बायकोही सोबत आली.

तेल जिथं पडतं तिथूनच गळत असतं असं नाही. ते वरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं. उस्तादनं खालचा भाग रॉकेलनं धुतला, पुसून कोरडा केला आणि विचारलं, “पावडर है क्या?” बायकोनं नुकताच घेतलेला पावडरचा डबा पिशवीतून निघाला.

“आवो, नवा डबा हाय तो!”

तोवर निम्मी पावडर गिअरबॉक्सच्या तोंडाला लागली होती. एक चक्कर मारून आलो आणि खाली वाकून बघितलं. पांढऱ्याशुभ्र थरातून, एक्सल जिथं आत शिरतो त्या कडेखालून, केसाएवढी काळी रेघ उतरली होती. बायको म्हणाली, “हे मी सांगितलंच होतं.” कधी, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

एक्सल बाहेर आला. सील म्हणजे एक रबरी कडं, त्याला आतून पातळ ओठ आणि ओठामागं बारीक गोल स्प्रिंग. नवा एक्सल तिरका खुपसला गेला होता. त्याच्या दात्यांनी ओठ चिरला होता आणि स्प्रिंग जागेवरून सुटून लोंबत होती. उस्तादनं ते सील बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं आणि ठरवलं, “माल लोकल है.”

नवं सील आणायला दुकानात गेलो. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. दुकानदारानं दिलेल्या सीलमध्ये मधला आकडा वेगळा निघाला. “एका एमेमनं काय होतंय? बसतंय की!” आपल्याकडं सोयरिकीपासून सीलपर्यंत सगळं ‘बसतंय की’वरच चालतं. मी मात्र जुनं सील काउंटरवर ठेवून हटून बसलो. शेवटी वरच्या फळीवरून बरोबर आकड्यांचं उतरलं.

या वेळी उस्तादनं घाई केली नाही. ओठाला ग्रीस लावलं, पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी हलके ठोके देत सील सरळ बसवलं, आणि पोरानं दोन्ही हातांनी पेललेला एक्सल आडवा आत सरकवला. टक्! आतलं लॉक बसलं. मग गाडी सपाट जागेवर ढकलली आणि भरायच्या भोकातून तेल परत ओघळेपर्यंत भरलं. “नव्वद नंबर डालताव,” तो म्हणाला. मी गाडीचं पुस्तक पुढं केलं, त्यात ७५डब्ल्यू-९० लिहिलं होतं, म्हणजे थंडीतही पातळ राहणारं. “नव्वदच है ना उसमें?” तरी मी तेच मागवलं.

हिशोब सिगारेटच्या पाकिटावर झाला: सील, तेल, मजुरी. मी म्हणालो, “उस्ताद, मजुरी कशाची? काम तर तुमचंच होतं.”

“खोलने का एक पैसा नहीं लेता सरजी, वो मेरे पे. ये बसाने का है.”

खोलल्याशिवाय बसवता येत नाही हे त्याला कळत होतं, आणि बसवल्याशिवाय मला घरी जाता येत नाही हेही. मी पैसे दिले. बायकोनं पावडरीचे कापून घ्यायला लावले.