टीव्ही टांगण्याआधी एकदा टेप लावून बघा

सेल लागला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, दोन तासांनी तोच मावशीकडून आला आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कमिटीतल्या एका गृहस्थांनी ‘अत्यंत उपयुक्त’ असं वर लिहून पुन्हा चिकटवला. मथळा असा: ‘टीव्ही युनिट घेणे म्हणजे पैसे पाण्यात!’ खाली हिरव्या टिकमार्कांची रांग. भिंतीवर टीव्ही लावला की हॉलची जागा वाचते. उंच असला की डोळ्यांना बरा. घरात लहान मूल असेल तर भिंतच सुरक्षित. भिंतीवर लावायला खर्च शून्य. आणि इतकं सांगूनही युनिट घ्यायचंच असेल, तर 55 इंचीला चार फुटी पुरे, आणि ‘इंजिनिअर्ड वूड’चं घ्या, ते वॉटरप्रूफ असतं. शेवटी वास्तूप्रमाणे टीव्ही आग्नेय कोपऱ्यात हवा, हे आहेच.

आमच्याकडे दोन्ही करून झालंय. आधीच्या भाड्याच्या घरात टीव्ही भिंतीवर होता, आता युनिटवर आहे. त्यामुळे काकांना ग्रुपवर तीन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि ते भलतंच लांबलं. तेच इथे टाकतेय.

सुरुवात उंचीपासून करते, कारण मेसेजमधली सगळ्यात चुकीची गोष्ट तीच आहे आणि तिचा त्रास रोज होतो. ‘उंच लावा, डोळ्यांना बरं’ हे कुठून आलं असेल याचा माझा अंदाज आहे: बँक, दवाखाना, खानावळ. तिथे टीव्ही उंच असतो तो लोकांच्या डोक्यांवरून सगळ्यांना दिसावा म्हणून, आणि कुणी हात लावू नये म्हणून. तिथे आपण दहा मिनिटं टोकन नंबरची वाट बघतो. घरी आई साडेसातपासून दहापर्यंत मालिका बघते.

आणि बघते कुठे बसून? खाली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तेव्हापासून मराठी घरात टीव्ही बव्हंशी सतरंजीवर बसूनच बघितला गेलाय. शटरवाल्या लाकडी खोक्यासमोर अख्खी चाळ मांडी घालून बसायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सोफा आला तरी ती बैठक गेली नाही. आमच्याकडे मेथी निवडायची ती खाली बसून, पोरांचा अभ्यास खाली, रात्रीची ताटंसुद्धा खालीच. मेसेज लिहिणाऱ्याच्या हॉलमध्ये बहुतेक फक्त सोफा असावा, माणसं नसावीत.

मी टेप घेऊन मोजलं. आई खाली बसली की तिचे डोळे जमिनीपासून 72 सेंटीमीटरवर. बाबा सोफ्यावर रेलले की 108 वर. जुन्या घरात टीव्ही लावायला आलेल्या मुलाने ‘इथेच लावतात सगळे’ म्हणत पडद्याचा मध्य 150 सेंटीमीटरवर नेला होता. आई सव्वादोन मीटरवर बसायची. म्हणजे पडद्याच्या मध्याकडे बघायला तिला जवळजवळ 20 अंश नजर वर करावी लागत होती आणि वरच्या कडेकडे बघायला 25. रोज अडीच तास. मान धरते म्हणून आम्ही उशी बदलली, तेल लावलं, एक्स-रे काढला. टीव्हीवर संशय घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

नजर किंचित खाली असली की पापण्या अर्ध्या मिटलेल्या राहतात आणि डोळा कमी कोरडा पडतो. वर बघत राहिलं की डोळे ताणून उघडे राहतात. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली ठेवा असं सांगतात, ते मानेसाठी आणि याचसाठी. टीव्हीलाही जमेल तितकं तेच लागू.

आता युनिटचं गणित. 43 इंची टीव्ही धरू. 43 इंच हे माप कर्णाचं असतं, पडदा त्यात साधारण 95 सेंटीमीटर रुंद आणि 54 उंच बसतो. 45 सेंटीमीटर उंचीच्या युनिटवर टीव्हीचे पाय ठेवले, की पायांचे सहा-सात सेंटीमीटर धरून पडदा सुरू होतो सुमारे 52 वर, मध्य येतो 79 वर आणि वरची कड 106 वर. आईच्या डोळ्यांसमोर पडद्याचा मध्य जवळजवळ सरळ, बाबांच्या डोळ्यांच्या रेषेत वरची कड. एकाच उंचीवर खालची बैठक आणि सोफा दोन्ही साधले. हे काही मी शोधून काढलेलं नाही, मोजल्यावर आपोआप समोर आलं. टीव्ही 55 इंची असेल तर त्याच युनिटवर मध्य 86 च्या आसपास जातो, तेही चालतं. बाजारात साठ-सत्तर सेंटीमीटर उंचीची युनिटं दिसतात. ज्या घरात सगळे सोफ्यावरच बसतात त्यांनी ती जरूर घ्यावीत. खाली बसणारं कुणी असेल तर 50 च्या वर जाऊ नये असं माझं मत.

भिंतीवरही टीव्ही याच उंचीला लावता येतो, हे कुणीतरी म्हणणारच. येतो की. पण मग त्याच्या खाली 50 सेंटीमीटर मोकळी भिंत उरते, आणि तिथे आठवड्याभरात काय काय येतं ते आपल्याला माहीत आहे.

त्यावरूनच जागा वाचवण्याचा मुद्दा. भिंतीवर लावलेला टीव्ही ब्रॅकेटसकट दहाएक सेंटीमीटर पुढे येतो, युनिट 35 ते 40. वाचले 25 ते 30 सेंटीमीटर, म्हणजे एक फूट. पण सेट-टॉप बॉक्स, राउटर, एक्स्टेंशन बोर्ड, दोन रिमोट आणि नक्की कशाचा ते कुणालाच माहीत नसलेला तिसरा रिमोट यांना कुठेतरी ठेवावंच लागतं. मी बघितलेल्या बहुतेक घरांत भिंतीवरच्या टीव्हीखाली सहा महिन्यांत एक टेबल येतं, नाहीतर जुना टीपॉय. म्हणजे वाचलेली जागा गेलीच, वर वायरी लोंबतात त्या वेगळ्या. हॉल आठ फुटांचा असेल किंवा घर म्हणजे चाळीतली एकच खोली असेल तर मात्र तो एक फूट सोन्यासारखा असतो. तिथे भिंतच बरोबर, वाद नाही.

मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा अर्धा खरा म्हणाले असते तर मी भांडले नसते. स्टँडवरून टीव्ही पडून मुलं दगावतात, ही कल्पित भीती नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2015 मध्ये ‘अँकर इट’ नावाची मोहीम काढली ती फर्निचर आणि टीव्ही अंगावर पडून होणाऱ्या अपघातांमुळेच. जुना डबा टीव्ही जड होता. आताचा 43 इंची आठएक किलोचा, पातळ, दोन बारीक पायांवर उभा, त्यामुळे ढकलला की झुलतो. त्यात पोरं ड्रॉवर उघडून त्याची पायरी करतात, आणि रिमोट टीव्हीच्या मागे ठेवण्याची आपली सवय त्यांना वर चढायचं कारण देते.

पण यावर उपाय म्हणजे टीव्ही बांधणं. भिंतीच्या ब्रॅकेटसाठी पाठीमागे जी चार भोकं असतात, त्यांतल्या वरच्या दोनमध्ये योग्य मापाचे स्क्रू घालून पट्टा भिंतीला किंवा युनिटच्या मागच्या फळीला आवळायचा. युनिटही दोन एल-क्लॅम्पने भिंतीला धरायचं, म्हणजे ड्रॉवरवर कुणी चढलं तरी ते पुढे कलणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. तरीही किती घरांत हे केलेलं असतं? आमच्याकडेही भाचा एकदा युनिटवर चढून उभा राहिला त्यानंतरच झालं.

आणि भिंत सुरक्षित, हे भिंत कसली आहे त्यावर. जुन्या इमारतीतली पक्क्या विटेची भिंत टीव्ही निमूट पेलते. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या असतात. हा हलका, सच्छिद्र ब्लॉक विटेच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या वजनाचा. त्यात ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं जातं, आणि साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू आवळला तर काही महिन्यांत भोक मोठं होऊन सगळं सैल पडू शकतं. अशा ब्लॉकसाठी लांब नायलॉनचे वेगळे प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून घट्ट बसवलेले) लागतात. हात बाहेर येणारा, फिरणारा ब्रॅकेट असेल तर ओढ आणखी वाढते. जिप्समच्या पार्टिशनवर तर मागे आधार दिल्याशिवाय टांगूच नये. टीव्ही लावायला येणाऱ्याला भिंत कशाची आहे हे विचारायला वेळ नसतो, त्याला त्या दिवशी अजून पाच घरं असतात. म्हणून ते आपण सांगायचं. बोटाने ठोकून आवाज कसा येतोय ते ऐका, किंवा ड्रिलमधून पडलेली भुकटी बघा: लाल असेल तर वीट, राखाडी आणि पिठासारखी असेल तर ब्लॉक.

कोकणात किंवा मुंबईत पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर पावसाळ्यात ती ओल धरते का, हेही बघा. पापुद्रे सुटणाऱ्या भिंतीला चिकटून टीव्ही लावायचा आणि सप्टेंबरमध्ये पडद्यावर रेघा आल्या म्हणून कस्टमर केअरला फोन करायचा, याला काय म्हणणार!

‘खर्च शून्य’ मात्र वाचून हसू आलं. वायरी झाकायला भिंत फोडून पाइप टाकायचा, प्लास्टर करायचं, मग त्या एका पट्ट्यासाठी अख्ख्या भिंतीला रंग. नव्या टॉवरमधल्या मिवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीट भिंतीत ही फोडाफोड करता येत नाही, तिथे वरून पट्टी मारावी लागते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने तर हा प्रयोग करूच नये. आमच्या डिपॉझिटमधून चार भोकांचे पैसे कापले गेले, आणि घरमालकाने त्याला ‘भिंतीचं स्ट्रक्चरल नुकसान’ म्हटलं होतं.

आता चार फुटी युनिट. चार फूट म्हणजे 122 सेंटीमीटर, आणि 55 इंची टीव्हीची रुंदीही जवळपास तेवढीच, एखाद-दुसरा सेंटीमीटर जास्तच. म्हणजे टीव्ही युनिटच्या काठोकाठ. येणाजाणाऱ्याचा खांदा लागणार, खिडकीचा पडदा वाऱ्याने उडाला की अडकणार. त्याहून मोठी गोम पायांची आहे. पूर्वी मधोमध एक बूड असायचं, आता बऱ्याच टीव्हींना दोन टोकांना दोन पाय असतात. पडद्याचं माप बघून युनिट आणलं आणि एक पाय हवेत राहिला, असं आमच्याच इमारतीत झालंय. त्यांनी खाली पोळपाट ठेवला होता. कंपनीच्या माहितीपत्रकात दोन पायांमधलं अंतर दिलेलं असतं, ते बघा. 55 इंचीला पाच फुटी घ्या, 43 ला चार फुटी छान बसतं.

राहिलं लाकूड, आणि मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. ‘इंजिनिअर्ड वूड’ हे एका लाकडाचं नाव नाही. भुसा-चिपट्या दाबून केलेला पार्टिकल बोर्ड, बारीक तंतूंचा एमडीएफ, थरांचा प्लायवूड, सगळं त्यात बसतं. ऑनलाइन स्वस्तात मिळतं ते बहुधा पहिल्या दोनपैकी असतं. वरचा थर पुसता येतो म्हणजे आतलं वॉटरप्रूफ होत नाही. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते. युनिटची पट्टी जमिनीला टेकलेली असेल तर ओलं फडकं रोज तिच्या कडेला लागतं, पाणी कडेतून शिरतं आणि बोर्ड फुगतो. फुगलेला पार्टिकल बोर्ड परत बसत नाही. म्हणून पाय असलेलं, खालून केरसुणी जाईल इतकं उंच युनिट घ्यावं, मग ते कशाचंही असो.

सुताराकडून करून घेत असाल तर प्लायवर आयएस 303 की आयएस 710 छापलंय ते बघा. 710 म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. हॉलच्या युनिटला त्याची गरज नसते, 303 मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारा) पुरतो. दुकानात तयार युनिट बघताना वायरीसाठी पाडलेल्या भोकात डोकवा. पुढून सगळी सनमायका सारखीच चकाकते, त्या भोकाची कड बहुतेक उघडी ठेवलेली असते आणि आत काय आहे ते दिसतं.

फळीची जाडीही विचारा. 18 मिलिमीटरची फळी 12 च्या फक्त दीडपट जाड, पण त्याच वजनाखाली वाकते तिच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पाच फुटी युनिटला मध्ये आधार नसेल तर 12 ची फळी दोन वर्षांत हसायला लागते. शिवाय सारखं घर बदलणाऱ्यांनी पार्टिकल बोर्ड टाळावा. एकदा खोलला की दुसऱ्यांदा स्क्रू धरत नाही.

सेट-टॉप बॉक्स बंद कपाटात कोंबू नका. रिमोटचा किरण सनमायकाच्या दारातून जात नाही, काचेतून जातो. बॉक्स तापतो आणि त्या उबेला झुरळं बिऱ्हाड करतात. उघडा कप्पाच बरा.

आणि आग्नेय. विजेची वस्तू अग्नीच्या दिशेला, असा हिशोब असतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी पाळावा, फक्त खिडकी कुठे आहे तेही बघावं. टीव्हीच्या समोर खिडकी आली तर दुपारभर पडद्यात समोरची बिल्डिंग दिसते, टीव्हीच्या पाठीमागे आली तर उजेड डोळ्यांवर येतो, म्हणून खिडकी बाजूला असेल अशी भिंत सगळ्यात बरी. काकांना हे पटलं नाही. त्यांनी आमच्या घराचा नकाशा मागवला, आग्नेय शोधली आणि तिथे लाल गोल करून पाठवला. त्या जागी आमच्या बाल्कनीचं दार आहे.