१८२४ मध्ये जॅक्सन यांना बहुमत मिळालेच नव्हते

१८२४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीविषयी एक विधान वारंवार केले जाते : जनतेने अँड्र्यू जॅक्सन यांना बहुमत दिले होते, पण प्रतिनिधिगृहाचे (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे) तेव्हाचे सभापती हेन्री क्ले यांनी परराष्ट्रमंत्रिपदाच्या मोबदल्यात, घटना धाब्यावर बसवून, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना अध्यक्ष केले.

बहुमताचा दावा आकड्यांपुढे टिकत नाही. अध्यक्षाची औपचारिक निवड राज्यांनी पाठवलेले निर्वाचक करतात; त्यांच्या २६१ मतांपैकी जॅक्सन यांना ९९, अ‍ॅडम्स यांना ८४, विल्यम क्रॉफर्ड यांना ४१ आणि क्ले यांना ३७ मते मिळाली. हवी होती १३१. लोकमतातही जॅक्सन यांचा वाटा सुमारे ४१ टक्केच होता, आणि न्यूयॉर्कसह सहा राज्यांत निर्वाचक विधिमंडळांनीच निवडल्यामुळे तेथील मतदारांचा कौल त्या आकड्यात नाही. शिवाय मताधिकार नसलेल्या गुलामांची लोकसंख्येत तीन-पंचमांश गणना करून दक्षिणेला मिळालेल्या जादा निर्वाचक मतांचा जॅक्सन यांना मोठा लाभ झाला, हे ‘जनतेचा कौल’ म्हणणारे क्वचितच सांगतात.

घटनाभंगही झाला नाही. कोणालाच बहुमत नसल्यास पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृहाने, प्रत्येक राज्यास एक मत या पद्धतीने, निवड करावी, असे १८०४ ची बारावी दुरुस्ती सांगते. त्यानुसार ९ फेब्रुवारी १८२५ रोजी अ‍ॅडम्स यांना १३, जॅक्सन यांना ७ आणि क्रॉफर्ड यांना ४ राज्यांची मते पडली.

उरतो सौदा. क्ले आणि अ‍ॅडम्स जानेवारीत भेटले होते, परंतु पदाचे वचन दिल्याचा लेखी पुरावा नाही, आणि सौद्याचा आरोप करणारे प्रतिनिधी जॉर्ज क्रेमर चौकशी समितीपुढे साक्ष देण्यास तयार झाले नाहीत. चौथे आल्याने क्ले स्वतः शर्यतीबाहेर होते, क्रॉफर्ड पक्षाघाताने खचले होते, आणि जॅक्सन यांच्या फ्लोरिडातील लष्करी कारवाईवर तर क्ले यांनी १८१९ मध्येच सभागृहात कठोर टीका केली होती. (गंमत म्हणजे तेव्हा मंत्रिमंडळात जॅक्सन यांची पाठराखण अ‍ॅडम्स यांनी केली होती.) संरक्षक जकात आणि रस्ते-कालवे यांबाबत क्ले यांचे विचार अ‍ॅडम्स यांच्याशीच अधिक जुळत होते.

क्ले यांना खरोखर अडचणीत आणणारा मुद्दा त्यांच्याच केंटकी राज्याचा आहे. तेथील विधिमंडळाने जॅक्सन यांना मत देण्याची सूचना केली असतानाही प्रतिनिधींनी क्ले यांच्या प्रभावाखाली राज्याचे मत अ‍ॅडम्स यांना दिले. ती सूचना बंधनकारक नव्हती. तरीही त्यानंतर क्ले यांनी परराष्ट्रमंत्रिपद स्वीकारणे ही माझ्या मते राजकीय आत्मघाताइतकी मोठी चूक होती, आणि १८२८ मध्ये जॅक्सन यांनी सौद्याचा हाच आरोप प्रचारात वापरून १७८ विरुद्ध ८३ निर्वाचक मतांनी अ‍ॅडम्स यांचा पराभव केला.