मॅनहोलचं झाकण काढणं हा ‘हक्क’ नाही

परवा परळला मामांकडे गेलो, तर दारामागे नवी पहार उभी. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज त्यांनी दाखवला, तोच मलाही चौघांकडून आलाय. त्यात म्हटलंय: मलनिःसारण कर भरता म्हणजे पावसाच्या पाण्याचे पैसे दिलेत, तो थांबवा. रुळांखालचे नाले रेल्वेचे, म्हणून नाल्यांवर पालिकेला अधिकारच नाही. म्हणून पाणी तुंबलं की मॅनहोल उघडा, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे.

असा कुठलाही हक्क नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला पाणी ओसरावं म्हणून प्रभादेवीजवळ असंच झाकण काढलं होतं. तुंबलेल्या पाण्यातून पायी घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर त्यात पडले आणि दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याला त्यांचा मृतदेह मिळाला. ती जागा मामांच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. गढूळ पाण्याखालचं भोक कुणाला दिसतं? आणि झाकण काढून पाणी जाणार कुठे? मुंबईची बरीच पातमुखं, म्हणजे गटारं समुद्राला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठ्या भरतीत त्यातून पाणी बाहेर जात नाही, म्हणूनच हाजीअली, लव्हग्रोव्हला पंपिंग स्टेशनं बांधावी लागली.

कराचं म्हणाल तर मामांचं बिलच काढलं. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर... पर्जन्य जलवाहिन्यांचा रकानाच नाही. मलनिःसारण म्हणजे संडास-मोरीचं पाणी, त्याच्या वाहिन्या वेगळ्या. पावसाळी गटारांचा खर्च पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीतून होतो. कर थकवून दंड तेवढा वाढेल.

अधिकार नाही? १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा वाचा. गटारं बांधणं, राखणं, साफ करणं हे कलम ६१ नुसार पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ‘अधिकार नाही’ म्हणणारा पालिकेला जबाबदारीतून मोकळं करतोय.

रुळांखालचे नाले रेल्वेच्या हद्दीत आहेत, एवढं त्या मेसेजमधलं खरं. आणि लोकांचा राग? तोही खरा. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची. ५० ची क्षमता हवी असं पावसाळी गटारांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्ये सांगितलं, पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडेपर्यंत त्याला वेग आला नाही. माहूल आणि मोगऱ्याची पंपिंग स्टेशनं त्यानंतरही वर्षानुवर्षं रखडली. त्याचा जाब विभाग कार्यालयात जाऊन लेखी मागा. पाणी भरलं तर पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन करा.

पहार मी घरी घेऊन आलोय. मामांनी ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.