सगळ्यात मागे चालणारा

दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या शाळेने कर्जतजवळ तीन दिवसांचा कॅम्प काढला होता. सातवी ते नववीच्या फक्त मुलग्यांसाठी. पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'रेझिलिअन्स बिल्डिंग' आणि खाली बारीक अक्षरांत साडेनऊ हजार रुपये. बायकोने विचारलं, रेझिलिअन्स म्हणजे नक्की काय? मी म्हटलं, तग धरणं. ती म्हणाली, ते तर आपण दर जूनमध्ये फी भरताना करतोच की.

भरले पैसे. पोरगा गेला. झिपलाइन झाली, बर्मा ब्रिज झाला, रॅपलिंग झालं. पालकांच्या ग्रुपवर दर दोन तासांनी फोटो. हेल्मेट, हार्नेस, अंगठा वर. येताना मेडल आणि सर्टिफिकेट घेऊन आला.

पंधरा दिवसांनी जाइल्स शील्डसाठी, म्हणजे मुंबईच्या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेसाठी, शाळेच्या टीमची यादी लागली आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. दोन दिवस बेडरूमचं दार बंद. आमचं भांडुपचं घर वन बीएचके, त्यामुळे आम्ही नवरा-बायको दोन रात्री हॉलमध्ये. फ्रिजवर ते सर्टिफिकेट मॅग्नेट लावून दिमाखात उभं.

मुलाला दोष देत नाही. बारा वर्षांच्या पोराला टीममधून नाव गेल्याचं दुःख होणारच. मला प्रश्न पडला तो कॅम्पचा. दोर दुसऱ्याने बांधलेला, बिले म्हणजे सुरक्षेचा दोर, तोही दुसऱ्याने धरलेला, उतरायचं कधी ते दुसऱ्याने सांगितलेलं. अर्धा तास रांगेत, चार मिनिटं दोरावर, की 'नेक्स्ट!' भीती वाटली असेल, मजाही आली असेल, तेवढ्यासाठी असे कॅम्प जरूर काढावेत. पण त्या तीन दिवसांत माझ्या मुलावाचून कुणाचं काही अडलं नाही. तो नसता तर रांग एकाने कमी झाली असती, बस.

या सगळ्या कॅम्पांचं मूळ शोधत गेलं की कुर्ट हान हे नाव येतं. जर्मन शिक्षक, ज्यू, हिटलरच्या विरोधात बोलला म्हणून तुरुंगात गेला आणि नंतर ब्रिटनमध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडत होती आणि लाइफबोटीत तरणीताठी पोरं आधी हाय खात होती, केस पिकलेले खलाशी टिकत होते, असं एका जहाज कंपनीच्या मालकाच्या, लॉरेन्स होल्टच्या, लक्षात आलं. दोघांनी मिळून १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला 'आउटवर्ड बाउंड' सुरू केलं. सुमारे महिनाभराचा कोर्स. समुद्र, डोंगर आणि त्यासोबत दुसऱ्याला वाचवायचं शिक्षण. हानचा सगळा जोर या शेवटच्या गोष्टीवर होता. आपली गरज कुणाला तरी आहे हे पोराला कळलं पाहिजे, असं त्याला वाटे. आपल्याकडे त्यातलं साहस आलं, महिन्याचे तीन दिवस झाले आणि ती शेवटची गोष्ट वाटेत कुठे गळाली कोण जाणे.

जानेवारीत मी त्याला आमच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर राजमाचीला नेलं. ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल, पुढे रिक्षाने कोंदिवडे, कोंढाणे लेण्यांवरून चढून उधेवाडी, म्हणजे गडावरचं गाव. लोणावळ्याहून वाट सोपी आहे, पण लांबलचक. ही कर्जतकडची वाट घाम काढते. लेण्यांच्या वर एका घसाऱ्यावर त्याचा पाय सटकला, गुडघा सोलवटला आणि तो बसून रडायला लागला. आणि माझ्या तोंडून काय गेलं असेल? "अरे, मुलगा ना तू? रडतोस काय!"

माझे वडील मला हेच म्हणायचे. गिरणी बंद पडल्यावर ते स्वतः कधी रडले नाहीत, संध्याकाळी घरात नुसते भिंतीकडे बघत बसायचे. हे सगळं मला माहीत असून वाक्य तोंडातून सुटलंच.

ग्रुपमधल्या एक ताई, साठीला आलेल्या, मला म्हणाल्या, "तू पुढे हो." मला! पोराचा गुडघा धुतला, त्याला पाच मिनिटं मनसोक्त रडू दिलं. मग म्हणाल्या, "आज टेल तू." ज्यांनी ट्रेक केलेत त्यांना माहीत आहे. लीडर सगळ्यात पुढे आणि टेल सगळ्यात मागे. टेलच्या मागे कुणीही राहता कामा नये. ग्रुपमध्ये एक नऊ वर्षांचा मुलगा होता, दर वळणावर बसकण मारणारा. माझ्या चिरंजीवांना आता त्याच्या मागे राहणं भाग होतं. ताई दहा पावलं पुढे, सगळं लक्ष मागे, पण तोंडातून चकार शब्द नाही.

तीन तासांची चढण, त्या दोघांना साडेचार लागले. उधेवाडीच्या अंगणात आमचं पिठलं-भाकरी खाऊन झालं तेव्हा ही जोडी उगवली. माझ्या मुलाच्या पाठीवर स्वतःची सॅक, पोटावर त्या छोट्याची. आल्या आल्या ताईंना म्हणाला, "मागे कोणी नाही." मग जेवायला बसला. वरच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर जायचं त्राण दोघांतही उरलं नव्हतं, तेव्हा ते अंगणात कुत्र्याशी खेळत राहिले.

चमत्कार वगैरे झालेला नाही. परवाच गणिताच्या पेपरवरून पुन्हा दार आपटलं. पण या वेळी अर्ध्या तासात बाहेर आला आणि जेवायला काय आहे विचारलं. मला एवढं पुरतं.

आता कमेंटमध्ये कुणी तरी लिहिणारच की मुलांना डोंगरात नेऊन काही झालं तर? प्रश्न अगदी रास्त आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले, ते विसरायचं नाही. म्हणून कॅम्पवाल्यांना जेवणात पनीर आहे का हे विचारण्याआधी विचारा, की किती मुलांमागे एक इन्स्ट्रक्टर? उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक, अ‍ॅडव्हान्स कोर्स कुणाचा झालाय? प्रथमोपचार कुणाला येतात, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती झालीय का? उत्तर देताना समोरचा चिडला तर पैसे भरू नका. आणि भर पावसाळ्यात, शनिवार-रविवारी, रील पाहून निघालेल्या गर्दीबरोबर गडावर पोरांना नेणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

पैशांचं म्हणाल तर कर्जतचं लोकलचं तिकीट आणि उधेवाडीचं जेवण धरून त्या दिवशी आम्हा दोघांचे हजारही गेले नाहीत. माझ्या मुलाच्या वर्गातल्या सहा जणांना साडेनऊ हजार परवडले नाहीत, ते कॅम्पच्या आठवड्यात बिल्डिंगखाली मोबाईल घेऊन बसले होते. महापालिकेच्या शाळांतल्या पोरांची तर गोष्टच सोडा. आणि या मुंबईच्या पोटात १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, संजय गांधी नॅशनल पार्क. त्यात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत, पोढी म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, बिबटे आहेत. बोरिवली स्टेशनवरून चालत जाता येतं.

म्हणून आम्ही चार पालकांनी ठरवलंय, महिन्यातून एक रविवार. पहिला कान्हेरीला. दहा ते चौदा वर्षांची मुलं, आणि हो, मुलीही चालतील, हा उपचार फक्त मुलग्यांनाच लागतो असं कुणी सांगितलं? पुढे-मागे ग्रुपचे अनुभवी लोक असतील, ताई आहेतच. फी नाही. दोन लिटर पाणी, टोपी, घरचा डबा. बिबट्याच्या भागात वाट सोडायची नाही. सकाळी साडेसातला नॅशनल पार्कच्या मेन गेटवर भेटू. मुलांना सोडून पालकांनी गेटवरूनच परत फिरायचंय. मीसुद्धा.