आज रात्री टाकतो

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ या एका दिवसात उरकली. सकाळी साडेअकराच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या आणि अंधार पडेपर्यंत नेपोलियनची फौज पळत सुटली होती. आमच्या स्पर्धेतली वॉटर्लू गुढीपाडव्याला सुरू झाली. नवरात्र आलं तरी मैदानावर दुपारचे दोनच वाजले होते.

चूक माझीच. ‘स्पर्धा मी घेतो’ असं ग्रुपवर मीच लिहून बसलो. षटकोनी घरांच्या नकाशावर फौजा सरकवून जुन्या लढाया खेळणारे, म्हणजे वॉरगेमवाले, आम्ही मुंबईतले मूठभर लोक. कोणी मुलुंडला, कोणी बोरिवलीला. नकाशा पसरण्याएवढं टेबल ज्याच्या घरी आहे, त्याच्या घरचे लोक त्याच टेबलावर जेवतात. म्हणून व्हॅसल. फुकटचं सॉफ्टवेअर. नकाशा, सोंगट्या, फासे सगळं पडद्यावर येतं. आपली चाल रेकॉर्ड करायची आणि ती फाईल समोरच्याला मेल करायची. मेलला घड्याळ लावता येत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

हिशेब मात्र चोख केला होता. आठ खेळाडू, नॉकआउट, तीन फेऱ्या. सामन्याच्या दहा पाळ्या, एक पाळी म्हणजे लढाईतला एक तास. दोघांचे मिळून वीस मेल, प्रत्येकाला तीन दिवस, म्हणजे साठ दिवसांत सामना खलास. पाडव्याला नारळ, दसऱ्याला फायनल. एक्सेलमध्ये रंग भरून तक्ता टाकला, तर मिनिटभरात आठ अंगठे वर.

ते अंगठे वर आलेले शेवटचेच.

मुंबईत नाही कोणी म्हणत नाही. ‘बघतो’ म्हणतात, ‘नक्की’ म्हणतात. आमच्यात ‘आज रात्री टाकतो’ म्हणतात. ही आजची रात्र पंचांगात सापडत नाही. गडी नुसतं ‘आज टाकतो’ म्हणाला, तर आठवड्याभरात मेल येतो. ‘वीकेंडला निवांत बसून टाकतो’ म्हणाला, तर तो गेलाच. त्याच्या नावाने पाणी सोडा. मी सोसायटीची मेंटेनन्स वसुली तीन वर्षं केली आहे, पण तिथे निदान माणूस लिफ्टमध्ये सापडतो.

कारणं एकेक अस्सल. एकाच्या घरी लॅपटॉप ऑफिसचा, त्यात आयटीवाले व्हॅसलला लागणारं जावा टाकू देत नाहीत. दुसऱ्याची फाईल ‘करप्ट’ होते, आणि नेमकी फासा वाईट पडल्यावरच होते. जुलैत कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, तेव्हा बोरिवलीकरांनी चाल लांबवली. ‘अहो, तुमची वेस्टर्न लाइन!’ म्हटलं, तर म्हणाले, ‘साहेब, चिखल वाळायची वाट नेपोलियननेसुद्धा बघितली होती.’ खरं आहे. आदल्या रात्रीच्या पावसाने रान ओलं होतं म्हणून त्याने हल्ला लांबवला, आणि तेवढ्यात शत्रूच्या मदतीला प्रशियन वेळेवर येऊन पोचले. हा दुसरा भाग बोरिवलीकरांनी वाचला नसावा.

पण सगळ्यात ठरलेलं दुखणं वेगळंच. जिंकत असतो तोवर गड्याचा मेल जेवायच्या आत येतो. एकदा का घोडदळ कापलं गेलं, की लगेच ऑडिट निघतं, चुलतभावाचं लग्न निघतं, वायफाय जातं. हरलो म्हणायला दोन शब्द लागतात, गायब व्हायला एकही लागत नाही.

बांधिलकी यावी म्हणून माणशी दोनशे रुपये प्रवेश फी ठेवली होती. उलटंच झालं. आठवण केली की ‘अहो, पैसे भरलेत ना?’ दोनशे रुपयांत सात महिने माझ्यावर रुबाब!

१८२४ साली प्रशियात राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने वॉरगेमचे नियम छापले. त्यात एक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं, आणि मधे पंच. पंच म्हणेल ते अखेरचं. मला त्या पंचाचा फार हेवा वाटतो. नियम माझ्याकडेही होता: दोन आठवणी, मग बाद. पण बाद कोणाला करू? पार्ल्याच्या काकांना? बँकेतून रिटायर झालेले, नियमपुस्तिका अधोरेखित करून वाचणारे, रविवारी भाजीच्या गाडीवर हमखास भेटणारे. हातात कोथिंबिरीची जुडी असलेल्या माणसाला ‘काका, तुम्ही बाद’ कसं म्हणायचं?

काकांचा सामना मुलुंडकराशी. सप्टेंबरात एकदा अकरा दिवसांनी काकांची चाल आली. मलाही कॉपी होती, म्हणून अधीरतेने उघडली. एक डच-बेल्जियन बटालियन एक घर डावीकडे. बास. खाली टीप: ‘खूप विचार करून केले आहे.’

मुलुंडकराचं उत्तर गेलं आणि त्यानंतर काकांकडून शांतता. एकोणीस दिवस. मुलुंडकर मला रोज मेसेज करायचा, ‘दादा, काकांना बाद करा.’ दसऱ्याला सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी काकांचा मेसेज आला. धडधडत उघडला. आपट्याच्या पानाचं चित्र, सोन्यासारखे राहा.

मी फोन लावला. काकूंनी उचलला.

‘ते आंघोळीला गेलेत. तुम्हालाच फोन करणार होते. तो मुलुंडचा मुलगा फार चेंगट आहे म्हणत होते. रोज रात्री कॉम्प्युटर लावून बघतात बिचारे, अजून चाल आली नाही.’

‘काकू, चाल काकांची आहे.’

‘छे हो! त्यांनी केव्हाच केली. मला दाखवली पण होती. तो निळा चौकोन उजवीकडे नेला.’

दुपारी श्रीखंडपुरी सोडून पार्ल्याला गेलो. काकांनी मेल उघडून दाखवला. फाईल जोडलेली, खाली ‘विचारान्ती केले आहे’ लिहिलेलं, आणि मेल ड्राफ्टमध्ये. ‘पाठवा’ दाबलंच नव्हतं. एकोणीस दिवस मुलुंड पार्ल्याची वाट बघत होतं आणि पार्ले मुलुंडची.

काकांनी चष्मा पुसला, बटण दाबलं आणि मुलुंडकराला स्वतः फोन केला. स्पीकरवर.

‘आली, काका, आली!’ तो म्हणाला. ‘आज रात्री टाकतो.’