किडनी गेली की गोळी बाधत नाही? साफ खोटं

"डायलिसिसवाल्यांनी गोळ्यांना घाबरू नये. किडनी आधीच गेलीय, आता गोळी काय बिघडवणार? जास्त झालेलं मशीन धुऊन काढतं. झाडपाल्याला तर डोसच नसतो." हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीनं टाकला आणि गंगाखेडच्या मामांनी तो खरा मानला. म्हणून हे लिहितोय.

गोळीनं किडनी बिघडते, एवढीच भीती आहे का? अहो, कितीतरी औषधं अंगाबाहेर टाकायचं काम किडनीच करते. ती बंद पडली की औषध साचत जातं, आणि मार मेंदूवरही बसू शकतो.

मामांच्या पायात रात्री गोळे येतात. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता बॅक्लोफेन ही स्नायू सैल करणारी गोळी दिली, १० मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. धडधाकट माणसाला चालणारा डोस. शुक्रवारी डायलिसिस झालं आणि रात्रीपासून गोळी सुरू. रविवारी सकाळी मामी चहा घेऊन गेल्या, तर मामांच्या हाताला झटके येत होते, चहा धोतरावर सांडत होता आणि ते मामींना आजीच्या नावानं हाक मारत होते. दुपारी तर हलवूनही उठेनात. घरच्यांना वाटलं साखर उतरली. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी पलंगावर पालथी करायला लावली, ती पट्टी उचलली आणि मामांना तडक मशीनवर घेतलं. दोन डायलिसिस झाल्यावर त्यांनी मला नावानं ओळखलं.

मामांचं नशीब फुटकं, असं कुणी म्हणू नका. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात किडनीचा आजार असलेल्या सुमारे १६ हजार वयस्कांचा अभ्यास २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बॅक्लोफेन दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सुरू केलेल्यांपैकी १.११ टक्के लोकांना महिनाभरात भ्रम, ग्लानी अशा त्रासानं दवाखान्यात भरती करावं लागलं. कमी डोसवाल्यांत हेच प्रमाण ०.४२ टक्के होतं. आणि हे सगळे डायलिसिसवर नसलेले रुग्ण होते. मामांची किडनी त्यांच्याहून कितीतरी खराब.

मशीन धुऊन काढतं, हे अर्धं खरं आहे. मामा त्याच्यामुळंच वाचले, ते नाकारत नाही. पण त्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. १६८ तासांतले आठ. उरलेले १६० तास औषध अंगातच. शिवाय हृदयाची डिगॉक्सिनसारखी गोळी मशीनला जवळपास निघतच नाही.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्यांनी ज्यांना अजून थोडी लघवी होते तीही जाऊ शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल चालते. झाडपाल्याचं म्हणाल, तर कमरखाचं (स्टारफ्रूटचं) साधं फळ खाऊन डायलिसिसच्या रुग्णांना न थांबणारी उचकी लागलीय, फिट आल्यात, जीवही गेलेत.

मावशीनं मेसेज काढला, पण तोवर तो आणखी दोन ग्रुपांवर गेला होता. तिथं हे उत्तर टाका. मामींनी मामांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं 'बॅक्लोफेन नको' लिहिलंय, आणि मेडिकलवर जाताना ती फाइल पिशवीत असते.