गच्चीवरचे चाळीस मीटर

पुतण्याने उलव्याहून, म्हणजे नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या शेजारून, ड्रोनचं रेकॉर्डिंग पाठवलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नुसता हरखून गेलो. ओहोटीची खाडी, खारफुटीची हिरवी कड, लांबवर अटल सेतूची रेघ. इथे कॅनडात, मिसिसॉगात, बाहेर बर्फ साचलेला आणि मोबाइलवर आपल्या गावचं ऊन. दुसऱ्यांदा पाहताना उजव्या कोपऱ्यात, धुरकट हवेत, उतरण्यासाठी चाकं खाली सोडलेलं एक विमान दिसलं आणि मी तिथेच थांबलो. ॲपवर उंची होती ९१ मीटर.

लगेच फोन लावला. तो म्हणाला, "काका, नियमाच्या १२० मीटरच्या आतच आहे की!"

ॲपमधली ही उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजली जाते. तो उडवला होता दादाच्या तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून, ती जमिनीपासून साधारण चाळीस मीटर. म्हणजे ड्रोन जमिनीपासून १३१ मीटरवर होता. आणि खरं तर १२० चा आकडाही तिथे उपयोगाचा नाही. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. गणित करा: धावपट्टी दोन किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून जेमतेम १२० मीटर असतं. हौशी माणसाला जी उंची सुरक्षित वाटते, नेमकी तीच.

दादाच्या सोसायटीत यावरून दोन तट पडले आहेत. सेक्रेटरींचं म्हणणं, गच्चीला कुलूप लावा, विषय संपला. पोरांचं म्हणणं, अडीचशे ग्रॅमच्या आतलं खेळणं आहे, त्याला कसला आलाय नियम? दोघांचंही मला पटत नाही.

पोरांची चूक आधी सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. हौसेसाठी दोन किलोपर्यंतच्या मायक्रोलाही लागत नाही. पण आकाशाची हिरवी, पिवळी, लाल, म्हणजे कुठे मोकळं, कुठे परवानगी, कुठे बंद, ही विभागणी वजन पाहून केलेली नाही. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या टापूत आधी परवानगी, हा नियम आहे. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंत तेवढी मोकळीक. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. उलवे, बेलापूर, नेरूळ, खारघर, कामोठे, पनवेल हे सगळं त्या टापूत येतं. विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण डोक्यावरचं आकाशही बदललं, हे गच्चीवरच्या पोराला कुणी येऊन सांगितलं नाही.

आता 'खेळणं' या शब्दाबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणवा पेटला होता. आमच्या क्वेबेकहून मदतीला गेलेल्या, आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाला एक ड्रोन धडकला, पंखाला भोक पडलं आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसवावं लागलं. तो ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतल्या वर्गातला होता, पुतण्याकडे आहे तसलाच. उडवणारा माणूस आग बघायला म्हणून उडवत होता आणि ड्रोन दोन किलोमीटरच्या पुढे नजरेआड गेला होता. पक्ष्याचं अंग मऊ असतं. ड्रोनमध्ये मोटारींचं धातू आणि घट्ट बॅटरी असते. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा तो विमानाला जास्त खोल इजा करतो, हे अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं आहे. आणि आपल्याकडे पक्ष्यांचा प्रश्नही वेगळा काढता येत नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर विमानाच्या धडकेने ३९ फ्लेमिंगो मेले. नेरूळच्या पाणथळीवर ड्रोन खाली आणला तर अख्खा थवा उठतो. तो कुठल्या दिशेला जाईल हे उडवणाऱ्याच्या हातात नसतं.

मग कुलूपवाले बरोबर का? नाही.

मी इथे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवतो. नोंदणीला किरकोळ फी पडली आणि पाच मिनिटं गेली. त्या नंबराने मला काहीही शिकवलं नाही. शिकवलं परीक्षेने. पस्तीस प्रश्न, घरी बसून, ऑनलाइन. वारा, नकाशा, आणि किती लांब राहायचं ते: विमानतळापासून ५.६ किलोमीटर, हेलिपॅडपासून १.९, माणसांपासून ३० मीटर. पहिल्यांदा मी नापास झालो आणि ते बरंच झालं, कारण मग मी नकाशा वाचायला बसलो. टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या भागावरून जातात. त्या दिवसापासून मला ती वेगळी दिसायला लागली.

पण इकडचंही सगळं धड आहे असं मी म्हणणार नाही. २५० ग्रॅमच्या आतल्यांना कॅनडात ना नोंदणी, ना परीक्षा. वणव्यातलं ते भोक पाहिल्यावर ही सूट मला चुकीची वाटते. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये टोरांटोजवळच्या बटनव्हिल विमानतळावर उतरणाऱ्या सेसना या छोट्या विमानाला जो ड्रोन धडकला, तो चक्क पोलिसांचा होता. शिकलेल्या हातातला. त्यामुळे कागद झाला की धोका टळला, असं मला कुणी सांगू नये.

घरच्या वादात मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढेच अपवाद. पुतण्याने मला "काका, येताना बॅगेतून आण" म्हटलं तेव्हा मी नाही म्हणालो, आणि दोन महिने तो माझ्याशी धड बोलला नाही. शेवटी त्याने तो कुठून तरी मिळवलाच. आता मला सांगा, असा मुलगा सरकारी पोर्टलवर नोंदणी करायला जाईल? नोंदणी म्हणजे त्याच्यासाठी कबुली. शंभर रुपये फी अडत नाही, भीती अडते. जो नोंदवत नाही तो कुणाला विचारतही नाही, आणि जो विचारत नाही त्याला गच्चीचे चाळीस मीटर कोण सांगणार? सण-सोहळ्याच्या दिवसांत पोलीस आयुक्तालयं ड्रोनबंदीचे आदेश काढतात, त्याची गरजही असते. पण बंदी उठल्यावर तोच मुलगा तितक्याच अज्ञानाने उडवतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. विमानाच्या वाटेत जाणूनबुजून ड्रोन घालणाऱ्याला तुरुंग हवाच, मी त्याच्या बाजूने आहे. माझं मागणं एवढंच: त्याच्या आधी मराठीत एक छोटी परीक्षा आणा, नॅनोसकट सगळ्यांना. जुन्या ड्रोनवाल्यांना एकदा माफी देऊन नोंदवून घ्या. आणि पनवेल-उरणकडे, धावपट्टीच्या वाटेपासून लांब, एखादं मैदान या पोरांना द्या. हात शिवशिवणाऱ्या मुलाला फक्त 'नको' म्हणून भागत नाही. 'इथे उडव' म्हणावं लागतं.

सध्या रोज रात्री मी पुतण्याला पाच प्रश्न पाठवतो, त्याच्याकडे तेव्हा सकाळ असते. काल विचारलं: डोंगराच्या कड्यावरून उडवलास आणि ड्रोन दरीवर गेला, तर उंची कुठून मोजायची? बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग उत्तर आलं, "ड्रोनच्या खाली जी जमीन असेल तिथून. आणि काका, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी कुणाला फॉरवर्ड केलेलं नाही."